गाडी आधी जाते, हप्ते मागे राहतात

परवाना हाती आला की तरुण चालकाला स्वतःच्या गाडीचे वेध लागतात आणि त्यापाठोपाठ ती घ्यायला पैसे कुठून उभे करायचे हा प्रश्न येतो. या दोन गोष्टींचा विचार मात्र सहसा वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या माणसांशी बोलून केला जातो. गाडी कोणती घ्यावी हे मित्रांना, नातेवाइकांना किंवा ओळखीच्या मेकॅनिकला विचारले जाते. कर्ज किती मिळेल आणि हप्ता किती बसेल हे बँकेतला किंवा शोरूममधला माणूस सांगतो. त्यामुळे या दोहोंना जोडणारा प्रश्न विचारायचा राहूनच जातो: ही गाडी माझ्याकडे किती वर्षे राहील आणि तिचे कर्ज किती वर्षे राहील? पहिल्या गाडीच्या बाबतीत या दोन मुदती क्वचितच जुळतात आणि तरुण कर्जदारांच्या बऱ्याचशा अडचणींचे मूळ याच तफावतीत आहे, असे माझे मत आहे. ती तफावत कशी तयार होते हे समजून घ्यायचे, तर आधी गाडीचे काय होते ते पाहावे लागेल आणि मग कर्जाचे गणित उलगडावे लागेल.

पहिली गाडी लवकर का सुटते

पहिली गाडी हातातून जाण्याचे सर्वांत सामान्य कारण अपघात किंवा बिघाड हे नसून मालकाच्या आयुष्यातले बदल हे असते. अठरा ते पंचवीस या वयात माणूस शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव बदलतो. नव्या ठिकाणी गाडी उभी करायला जागा नसते, किंवा कामावर जायला रेल्वे अधिक सोयीची ठरते, किंवा पगार वाढल्यावर मोठी गाडी हवीशी वाटू लागते. मग पहिली गाडी विकली जाते, नाहीतर धाकट्या भावंडाकडे जाते. गाडी घेताना यांतला कोणताही बदल दिसत नसतो, तरी पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांतला एखादा होण्याची शक्यता मोठी असते, हे कर्जाची मुदत ठरवताना लक्षात घ्यायला हवे.

दुसरे कारण यांत्रिक आहे. पहिली गाडी बहुधा जुनी, बरेच किलोमीटर झालेली आणि आधीच्या मालकाने शेवटच्या वर्षात फारसा खर्च न केलेली अशी असते, कारण जी गाडी विकायचीच आहे तिचे टायर, ब्रेक किंवा बॅटरी बदलायला कोणी उत्साहाने पुढे येत नाही. हे सगळे खर्च नव्या मालकाच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात एकत्र येतात. त्यात शिकाऊ हातांची भर पडते. चढावर किंवा सिग्नलवर हँडब्रेक न लावता क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवणे ही नवशिक्याची ठरलेली सवय असते. अशा वेळी क्लचची चकती पूर्ण चिकटतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही, ती घासत राहते, तापते आणि जो क्लच कसलेल्या हातात अनेक वर्षे टिकला असता तो लवकरच घसरू लागतो. गिअर टाकून पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, ही त्याची खूण. क्लच बदलण्यात सुट्या भागांपेक्षा गिअरबॉक्स उतरवून पुन्हा बसवण्याची मजुरी अनेकदा जड जाते आणि ती मजुरी गाडीची किंमत पाहून कमी होत नाही. दुरुस्तीचा खर्च नव्या गाडीच्या हिशेबाने चालतो, तर गाडीची किंमत जुन्या गाडीच्या हिशेबाने. कधीतरी या दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि त्या दिवशी चालू स्थितीतली गाडीसुद्धा भंगाराच्या वाटेला लागते.

तिसरे कारण अपघाताचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्ते अपघातांत मरण पावतात आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. त्यात पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे हा आकडा केवळ तरुण मोटारचालकांचा नाही. तरीही नव्या चालकाबद्दल एक गोष्ट देशोदेशीच्या अभ्यासांतून पक्की झाली आहे. एकट्याने गाडी चालवू लागल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वाधिक धोक्याचे असतात आणि अनुभव वाढतो तसा हा धोका झपाट्याने उतरतो. रात्रीचे वाहन चालवणे आणि गाडीत बरोबरीचे मित्र असणे या दोन परिस्थितींत तो पुन्हा वर जातो. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने पूर्ण होणारा परवाना सुरू केला, ज्यात सुरुवातीच्या काळात रात्री चालवण्यावर आणि सोबत प्रवासी नेण्यावर बंधने असतात. पुढे इतर अनेक देशांनी तो मार्ग स्वीकारला.

इथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. घरातल्या सर्वांत अननुभवी चालकाच्या वाट्याला घरातली सर्वांत जुनी गाडी येते. ‘ठोकली तरी चालेल’ हा त्यामागचा हिशेब पत्र्यापुरता बरोबर आहे, पण आत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने उलटा आहे. घसरणारी गाडी चाकांचे ब्रेक स्वतंत्रपणे लावून सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली, आणि एकट्या गाडीचे घसरून वा उलटून होणारे प्राणघातक अपघात कमी करण्यात तिचा वाटा मोठा मानला जातो. नवशिक्याला जिची सर्वाधिक गरज असते नेमकी ती यंत्रणा त्याच्या पहिल्या गाडीत अनेकदा नसते. दोन सारख्या किमतीच्या जुन्या गाड्यांमधून निवड करायची असेल, तर गाण्यांच्या सिस्टिमपेक्षा आणि अलॉय व्हीलपेक्षा या एका गोष्टीची चौकशी आधी करावी.

छोटी धडक आणि ‘टोटल लॉस’

अपघात जीवघेणा नसला तरी गाडीच्या दृष्टीने तो अनेकदा शेवटचा ठरतो, आणि याचे कारण बहुतेकांना धक्का बसल्यावरच कळते. समजा, एक जुनी छोटी हॅचबॅक समोर थांबलेल्या गाडीवर ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळली. बाहेरून दिसणारे नुकसान बंपर, बॉनेट आणि दोन हेडलाइट एवढेच आहे. चालक स्वतःच्या पायांनी बाहेर आला आहे. पण बंपरच्या मागे रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर आहे, ते दोन्ही दबले आहेत. एअरबॅग उघडल्या आहेत आणि त्या पुन्हा घडी घालून बसवता येत नाहीत. प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्ड फाडून बाहेर आली असेल, तर डॅशबोर्ड बदलावा लागतो. तिच्या धक्क्याने पुढची काच तडकलेली असू शकते. सीटबेल्ट क्षणार्धात आवळणारी यंत्रणाही एकदाच वापरायची असते. या सगळ्यांना नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक युनिट वेगळे. विमा कंपनीचा सर्वेक्षक या भागांची यादी करतो, त्यात मजुरी आणि रंगकाम मिळवतो आणि ती बेरीज गाडीच्या त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून पाहतो. बेरीज बाजारभावाच्या ठरावीक प्रमाणाबाहेर गेली की विमा कंपनी गाडी दुरुस्त करण्याऐवजी ती ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्णपणे गेलेली, ठरवते.

म्हणजे एखादी गाडी टोटल लॉस होणे हे धडक किती जोराची होती यापेक्षा गाडी किती स्वस्त होती यावर जास्त अवलंबून असते. त्याच धडकेत महागडी नवी गाडी दुरुस्त होऊन परत येईल आणि स्वस्त जुनी गाडी कायमची जाईल.

यात दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. सर्वसमावेशक विमा नसेल आणि फक्त तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा असेल, तर स्वतःच्या गाडीबद्दल काहीच मिळत नाही. तरुण चालकांचा विम्याचा हप्ता भारी असल्यामुळे नेमके तेच पहिल्या गाडीवर कमीत कमी विमा उतरवतात. आणि सर्वसमावेशक विमा असला, तरी साधारणपणे मिळते ते गाडीचे त्या वेळचे मूल्य, तेही सुरुवातीची ठरावीक रक्कम वजा करून. गाडी केवढ्याला घेतली होती किंवा तिच्यावर कर्ज किती शिल्लक आहे, याच्याशी विमा कंपनीला कर्तव्य नसते. विम्याचा खर्च वाचवण्यासाठी मुलाच्या गाडीचे मुख्य चालक म्हणून वडिलांचे नाव लावण्याची युक्ती पुष्कळ घरांत सुचवली जाते. ती चुकीची माहिती देणे ठरते आणि दावा नाकारण्याचे कारण विमा कंपनीच्या हातात आयते देते. त्यापेक्षा ब्रेक, वेग आणि वाहन चालवण्याच्या वेळा यांची नोंद ठेवणारे उपकरण गाडीत बसवून त्यानुसार विम्याचा हप्ता ठरवण्याची सोय जिथे उपलब्ध आहे, तिथे तिचा विचार करावा.

हप्त्याच्या पोटात काय असते

आता कर्जाकडे वळू. गाडीसाठी हप्त्यांनी कर्ज देण्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो १९१९ मध्ये, जनरल मोटर्सने त्यासाठी स्वतंत्र वित्तसंस्था काढली तेव्हा. हेन्री फोर्ड यांना उधारी पसंत नव्हती. त्यांच्या कंपनीने १९२३ मध्ये उलटी योजना आणली: ग्राहकाने आठवड्याला ५ डॉलर बँकेत भरत राहायचे आणि पूर्ण रक्कम जमली की गाडी न्यायची. ही बचत योजना होती, तिच्यात ग्राहकाला व्याज भरावे लागत नव्हते, तरीही ती चालली नाही, कारण शेजारच्या दुकानात थोडे पैसे भरून गाडी आजच मिळत होती. अखेर १९२८ मध्ये फोर्ड कंपनीनेही कर्ज देणारी संस्था उभी केली. वाट पाहणे टाळण्यासाठी माणूस किंमत मोजायला तयार असतो, या गृहीतकावर तेव्हापासून हा सगळा व्यवसाय उभा आहे. ती किंमत किती, एवढेच आपण तपासून पाहायचे.

उदाहरणासाठी १,००,००० ची रक्कम घेऊ. चलन कोणतेही धरले तरी गणित तेच राहते. व्याजाचा दर वर्षाला १० टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे जेवढे मुद्दल फेडायचे राहिले आहे तेवढ्यावरच. तीन वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,२२७ येतो आणि एकूण व्याज सुमारे १६,२०० जाते. पाच वर्षांसाठी हप्ता २,१२५ आणि व्याज सुमारे २७,५००. सात वर्षांसाठी हप्ता १,६६० वर उतरतो आणि व्याज ३९,४०० च्या पुढे जाते. हप्ता जवळजवळ निम्मा झाला आणि व्याज जवळजवळ अडीचपट झाले. शोरूममध्ये विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘दरमहा किती जमेल?’ हा का असतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. दरमहाची रक्कम ठरली की मुदत वाढवून तिच्यात कोणतीही गाडी बसवता येते.

त्याहून महत्त्वाची बाब हप्त्याच्या आत दडलेली असते. प्रत्येक हप्त्यातून आधी त्या महिन्याचे व्याज वसूल होते आणि उरलेली रक्कम मुद्दलातून वजा होते. सात वर्षांच्या कर्जाचा पहिला हप्ता पाहा. १,००,००० वर १० टक्के दराने एका महिन्याचे व्याज होते ८३३. हप्ता आहे १,६६०. म्हणजे मुद्दलातून कमी झाले फक्त ८२७. निम्म्याहून किंचित अधिक रक्कम व्याजात गेली. पुढच्या महिन्यात शिल्लक थोडी कमी, म्हणून व्याज थोडे कमी आणि मुद्दलाचा वाटा थोडा जास्त. हा बदल सुरुवातीला इतका संथ असतो की संपूर्ण वर्षभर, सुमारे १९,९०० भरल्यानंतरही, देणे ८९,६०० च्या आसपास शिल्लक असते. तीन वर्षांच्या कर्जात त्याच वर्षाअखेरीस शिल्लक सुमारे ६९,९०० वर आलेली असते.

दोन उतरण्या

कर्जाची शिल्लक उतरते तशी गाडीची किंमतही उतरते, पण वेगळ्या चालीने. नव्या गाडीची किंमत सुरुवातीला वेगाने घसरते आणि नंतर घसरण मंदावते; लांब मुदतीचे कर्ज सुरुवातीला सावकाश फिटते आणि शेवटी वेगाने. दोन्ही रेषा एकाच कागदावर काढल्या की अडचण स्पष्ट दिसते.

वरच्याच उदाहरणात १,००,००० ची नवी गाडी संपूर्ण कर्जावर घेतली आहे असे समजू. पहिल्या वर्षी तिची किंमत २० टक्क्यांनी आणि त्यानंतर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्क्यांनी उतरते असे धरू. हे सर्वसाधारण गृहीतक आहे, मॉडेलनुसार ते बदलेल. एका वर्षाने गाडी ८०,००० ची, दोन वर्षांनी ६८,००० ची, तीन वर्षांनी ५७,८०० ची. सात वर्षांच्या कर्जाची शिल्लक याच टप्प्यांवर अनुक्रमे ८९,६००, ७८,१०० आणि ६५,५०० आहे. चौथ्या वर्षाअखेरही गाडीपेक्षा कर्ज सुमारे २,३०० ने जास्तच आहे. गाडीची किंमत कर्जाच्या वर येते ती थेट पाचव्या वर्षात.

म्हणजे जवळपास सुरुवातीची सगळी चार वर्षे मालक अशा स्थितीत असतो की गाडी विकून कर्ज फिटत नाही. दोन वर्षांनी नोकरीसाठी दुसरीकडे जावे लागले आणि गाडी योग्य भावाने विकली, तरी खिशातून १०,००० च्या वर घालावे लागतात. दोन वर्षांनी गाडी टोटल लॉस झाली आणि विमा कंपनीने पूर्ण बाजारभाव दिला, तरी ती रक्कम आधी कर्ज देणाऱ्याकडे जाते आणि वरचे १०,००० तसेच अंगावर राहतात, शिवाय कामावर जायला गाडी उरत नाही ती वेगळीच. गाडी गेली म्हणून कर्ज माफ होत नाही. गाडी हे तारण होते. देणे कर्जदाराच्या नावावर आहे आणि तारण नाहीसे झाले तरी ते तसेच राहते. हा फरक भरून काढणारे वेगळे विमा संरक्षण काही बाजारांत मिळते, पण ते घ्यायचे तर शोरूममध्ये सांगितलेल्या किमतीची स्वतंत्रपणे तुलना करूनच घ्यावे.

अशा वेळी सुचवला जाणारा एक उपाय मला सर्वांत घातक वाटतो: जुन्या कर्जाची उरलेली रक्कम नव्या गाडीच्या कर्जात मिसळून टाकायची. नवी गाडी दारात येते आणि हप्ता एकच राहतो, म्हणून प्रश्न सुटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात नवी गाडी शोरूममधून निघण्याआधीच तिच्यावर तिच्या किमतीपेक्षा जास्त कर्ज असते आणि माणूस आता विकून टाकलेल्या गाडीवरही व्याज भरू लागतो.

ही स्थिती टाळण्याचे मार्ग गणितातूनच निघतात. सुरुवातीला स्वतःचे पैसे जास्त घालावेत. वीस टक्के रक्कम आधी भरली, तर पहिल्या वर्षाची घसरण बव्हंशी तिथेच शोषली जाते. मुदत कमी ठेवावी. वरच्या उदाहरणात तीन वर्षांचे कर्ज पहिल्या वर्षाअखेरीसच गाडीच्या किमतीच्या खाली गेलेले असते. आणि हे दोन्ही परवडत नसेल, तर स्वस्त गाडी बघावी. यांतला तिसरा मार्ग कोणालाच ऐकायला आवडत नाही, पण पहिल्या गाडीच्या बाबतीत तोच बहुतेक वेळा योग्य असतो, कारण एकदा किंमत उतरून गेलेल्या गाडीला आणखी उतरायला फारशी जागा राहिलेली नसते.

कर्ज देणाऱ्याची बाजू

तरुणाला कर्ज महाग मिळते याचे कारण त्याचे वय नसून त्याच्या व्यवहारांचा इतिहास नसणे हे असते. ज्याने कधी कर्ज घेतलेले नाही त्याने ते बुडवलेलेही नाही, पण फेडलेलेही नाही. कर्ज देणाऱ्याला अंदाज बांधायला काहीच सापडत नाही आणि त्या अनिश्चिततेची किंमत तो व्याजात लावतो. त्यात गाडी जुनी असेल तर दर आणखी चढतो आणि मुदत कमी मिळते, कारण हप्ते थकले तर जप्त करून विकायला हाती येणारी वस्तू कमी मोलाची असते.

दर किती सांगितला यापेक्षा तो कसा मोजला हे विचारावे. ‘फ्लॅट’ दरात व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच आकारले जाते, मग निम्मे मुद्दल फिटलेले असले तरी. १,००,००० वर ५ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दर म्हणजे ५०,००० व्याज आणि २,५०० चा हप्ता. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर सुमारे १७.३ टक्के होतो. त्यामुळे ‘फक्त दहा टक्के’ या शब्दांना ही चौकशी केल्याशिवाय काहीही अर्थ नसतो. प्रक्रिया शुल्क, कर्जाला जोडून गळ्यात मारलेला विमा आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड हे धरून एकूण किती भरावे लागणार, हा एकच आकडा लेखी मागून घ्यावा आणि दोन ठिकाणच्या त्याच आकड्यांची तुलना करावी.

शोरूममध्येच कर्ज मिळणे सोयीचे असते, पण तिथला माणूस दोन वस्तू विकत असतो हे विसरू नये: गाडी आणि कर्ज. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे अशी पद्धत होती की विक्रेता ग्राहकाला जितका जास्त व्याजदर लावेल तितके त्याचे कमिशन वाढत असे आणि ग्राहकाला याची कल्पनाही नसे. तिथल्या वित्त नियामकाने ही पद्धत २८ जानेवारी २०२१ पासून बंद केली. म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी बँकेकडून किंवा पतसंस्थेकडून एक दर लिहून घेतलेला असावा. तो वापरावा लागला नाही तरी तुलनेला उपयोगी पडतो.

मुदतीच्या शेवटी एकरकमी मोठी रक्कम ठेवून मासिक हप्ता लहान करणाऱ्या योजनाही तरुणांना आकर्षित करतात. त्यात हप्त्यांतून मुख्यतः मुदतीत होणारी घसरण आणि व्याज एवढेच वसूल होते. मुदत संपल्यावर मोठी रक्कम भरून गाडी ठेवायची, ती परत करायची, किंवा बदल्यात दुसरी घ्यायची असे पर्याय राहतात. परत करताना ठरलेल्यापेक्षा जास्त किलोमीटर आणि पत्र्यावरचे ओरखडे यांचे पैसे मोजून घेतले जातात, आणि नव्या चालकाच्या गाडीवर या दोन्ही गोष्टी हमखास सापडतात.

घरच्यांची सही हा विषय यात वेगळा ठेवला पाहिजे. आई-वडील किंवा मोठा भाऊ जामीनदार किंवा सहकर्जदार राहिला की दर उतरतो, कर्ज लवकर मंजूर होते. पण ‘नावापुरती सही’ असे काही नसते. सहकर्जदार पहिल्या दिवसापासून संपूर्ण कर्जाला बांधील असतो, अर्ध्या कर्जाला नव्हे. मुलाचा हप्ता चुकला तर त्याची नोंद सहकर्जदाराच्या खात्यावरही पडते आणि ती त्याला पुढे स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी भोवू शकते. त्यामुळे सही करणाऱ्याने दर महिन्याला हप्ता गेल्याची सूचना आपल्यालाही मिळेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून घ्यावी. यात अविश्वास नाही, कारण देणे दोघांचेही आहे.

जुन्या गाडीचा बाजार आणि पुढचा प्रवास

स्वस्त गाडी घ्या असे सांगताना जुन्या बाजाराचा धोका सांगणे भाग आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये याच बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो आणि घेणाऱ्याला नसतो, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीचा भाव पाडून मागतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला विकणे परवडत नाही आणि बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. या विचाराला पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की त्रयस्थ मेकॅनिककडून केलेल्या तपासणीवर खर्च केलेले पैसे हे या सगळ्या व्यवहारातले सर्वांत चांगले गुंतवलेले पैसे असतात. ओडोमीटरवरचा आकडा सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांशी जुळतो का आणि पेडलवरचे रबर, स्टीअरिंगचे आवरण व चालकाची सीट त्या आकड्याच्या मानाने जास्त झिजलेली नाहीत ना, हे मात्र कोणालाही स्वतः पाहता येते.

विकली गेलेली पहिली गाडी पुढे दुसऱ्याची, अनेकदा पुन्हा एखाद्या नवशिक्याची, पहिली गाडी होते. काही गाड्या देशाबाहेर जातात: संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार २०१५ ते २०१८ या काळात १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या मोटारी निर्यात झाल्या आणि त्यांतल्या सर्वांत जास्त आफ्रिकेत गेल्या. उरलेल्या भंगारात निघतात. तिथे आधी बॅटरी आणि तेले काढली जातात, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांसाठी तो वेगळा काढला जातो, चालणारे सुटे भाग विकले जातात आणि सांगाडा चुरा होऊन पोलाद कारखान्याकडे जातो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार २०१५ पासून गाडीच्या वजनाचा ९५ टक्के भाग पुनर्वापरात किंवा अन्य उपयोगात यावा, असे बंधन आहे.

कर्ज शिल्लक असताना गाडी विकायची झाली, तर या सगळ्याआधी एक कागदी काम करावे लागते आणि तेच घाईत राहून जाते. बहुतेक ठिकाणी वाहनाच्या नोंदीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा असतो आणि तो उतरल्याशिवाय मालकी पूर्णपणे हस्तांतरित होत नाही. म्हणून आधी कर्ज देणाऱ्याकडून ठरावीक तारखेपर्यंतची, व्याज आणि दंड धरून नेमकी किती रक्कम भरायची ती लेखी घ्यावी. घेणाऱ्याने शक्य तर तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरावेत. देणे नसल्याचे पत्र घ्यावे आणि नोंदीवरचे बोजाचे नाव कमी करून घ्यावे. मग नोंदणी घेणाऱ्याच्या नावावर करून विमा आणि किल्ल्या द्याव्यात. ‘पुढचे हप्ते मी भरत जाईन’ या तोंडी बोलीवर गाडी देऊन टाकली, तर गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असते आणि थकलेला हप्ता, दंडाची पावती व अपघाताची नोटीस मूळ मालकाच्या पत्त्यावर येत राहते.